घोड्याचा गोचीड ताप : आधी पागा, मग अंग, आधी रक्त, मग सुई

"घोडीला गोचिडी झाल्यात, कुठलं औषध मारू?" पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. नाशिकच्या तपोवनाकडचे वरातीचे घोडेवाले विचारतात, येवल्याकडचे टांगेवाले विचारतात, आणि हल्ली शेतघरावर हौसेनं मारवाडी नाहीतर काठेवाडी घोडा पाळणारेही विचारतात. औषधाचं नाव सांगितलं की पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही. तिथंच घोळ होतो. औषध या कामात पाचव्या पायरीवर येतं, आणि आपण सुरुवातच तिथून करतो. मग पंधरा दिवसांनी पुन्हा तोच फोन: "औषधात दम नव्हता."

मी डॉक्टर नाही, घोडी पाळणाऱ्या घरातला आहे. इंजेक्शनचे डोस या लेखात मुद्दाम लिहिलेले नाहीत. ते का, हे आठव्या पायरीत कळेल.

पायऱ्यांआधी तीन गोष्टी

घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरून त्या फोडणारे दोन परजीवी आहेत: थायलेरिया इक्वी आणि बबेसिया कॅबाली. दोन्ही गोचिडीच्या लाळेतून घोड्याच्या अंगात उतरतात. डॉक्टर याला पायरोप्लाझ्मोसिस म्हणतात, आपण गोचीड ताप म्हणतो. गाई-म्हशींनाही गोचीड ताप येतो, पण त्यांचा थायलेरिया वेगळ्या जातीचा. गाईचा आजार घोड्याला लागत नाही. गोचीड मात्र तीच असू शकते: पायांवर तपकिरी-पांढरे पट्टे असलेली हायलोमा जातीची. गाईसाठी थायलेरियाची लस मिळते, तिचा घोड्याला काही उपयोग नाही. घोड्यासाठी या तापावर लसच नाही.

आता त्या तीन गोष्टी. सगळ्या पायऱ्यांचा क्रम यांच्यावरच बेतलेला आहे.

पहिली: गोचीड आयुष्यातला थोडाच काळ अंगावर असते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या नाहीतर जमिनीच्या फटीत शिरते, तिथं हजारो अंडी घालते आणि मरते. अंड्यातून बाहेर येणारी पिल्लं मोहरीपेक्षाही बारीक असतात, त्यांना सहा पाय असतात, आणि उपाशीपोटी ती आठवडेच्या आठवडे वाट बघत बसतात. मोठी गोचीड तर महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते.

दुसरी: गोचीड चिकटली आणि लगेच रोग दिला, असं सहसा होत नाही. परजीवी तिच्या लाळग्रंथीत तयार व्हायला ती चिकटल्यानंतर एक-दोन दिवस तरी जातात, बऱ्याचदा जास्तच. म्हणजे रोजच्या रोज काढलेली गोचीड हा बहुतेक वेळा टळलेला ताप.

तिसरी: बरा झालेला घोडा मोकळा होत नाही. थायलेरिया इक्वी एकदा शिरला की बहुधा जन्मभर रक्तात थोड्या प्रमाणात राहतो. घोडा धष्टपुष्ट दिसतो, वरातीत नाचतो, आणि शेजारच्या घोड्याला रोग देण्यापुरता साठा अंगात बाळगून असतो.

पायरी १ : तयारी

हे सामान आधी जमवा. घोड्याजवळ उभं राहून पोराला "जरा चिमटा आण रे" सांगण्यात अर्धी गोचीड तुटते.

बारीक टोकाचा चिमटा (भुवयांचा चपट्या तोंडाचा चालत नाही). रबरी हातमोजे. झाकणाची बाटली, तिच्यात अर्ध्यापर्यंत स्पिरिट. टॉर्च, कारण कानाच्या आत दिवसाही अंधार असतो. डिजिटल थर्मामीटर, त्याच्या मागच्या टोकाला दोरा आणि दोऱ्याला कपड्याची क्लिप, म्हणजे घोड्यानं शेपूट हलवली तरी तो आत सरकणार नाही की खाली पडून फुटणार नाही. आणि एक वही.

वही सगळ्यात महत्त्वाची, आणि ती कुणीच ठेवत नाही. घोडा ठणठणीत असताना लागोपाठ सात दिवस सकाळी, कामाला जुंपण्याआधी, गुदद्वारातला ताप मोजून लिहून ठेवा. निरोगी मोठ्या घोड्याचा ताप साधारण ९९ ते १०१.५ फॅरनहाइटच्या मधे असतो, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. पण तुमच्या घोडीचा नेहमीचा आकडा ९९.४ असेल, तर तिच्यासाठी १०१.५ म्हणजे काहीतरी बिघडलंय. हा आकडा कुठल्याही डॉक्टरला माहीत नसतो, तुमच्या वहीतच असतो.

त्याच सात दिवसांत हिरडीचा रंगही बघून ठेवा. ओठ वर करून, दिवसाच्या उजेडात. निरोगी हिरडी फिकट गुलाबी आणि ओली असते. अंगठ्यानं दाबून सोडली की पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते.

*तपासा:* थर्मामीटर आत घालताना कडेला टेकतोय ना? टोक लिदीत खुपसलं गेलं तर आकडा कमी दाखवतो आणि खरा ताप निसटतो.

पायरी २ : अंग चाचपणं

खरारा करणं म्हणजे गोचिडी बघणं नव्हे. खराऱ्यानं पाठ आणि पुठ्ठे चकचकीत होतात, आणि गोचिडी नेमक्या तिथं नसतात. त्यांना पातळ कातडी, ऊब आणि आडोसा लागतो. म्हणून डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा आणि रोज एकाच क्रमानं जा, म्हणजे जागा सुटणार नाही:

कानाच्या आत आणि कानामागे, मग कपाळावरच्या झुलपाखाली. आयाळ उलटी करून मुळापाशी. जबड्याच्या दोन हाडांमधल्या खाचेत आणि गळ्याखाली. पुढच्या पायांच्या काखेत आणि तंग बसतो त्या पट्ट्यात. पोटाखालून मागे, घोडी असेल तर सडाभोवती आणि दोन सडांच्या मधल्या घडीत, घोडा असेल तर लिंगाच्या खोळीभोवती. मांड्यांच्या आत. शेवटी शेपूट वर उचलून तिच्या मुळाखाली आणि गुदद्वाराभोवती. खुरांच्या वरचा केसाळ भागही बघा, गवतात चरणाऱ्या घोड्याला पिल्लं तिथूनच चढतात.

शेपटीखालची जागा बहुतेक मोतद्दार टाळतात. लाथेची भीती असते, ती खरीच आहे. घोड्याच्या बाजूला, अंगाला अंग टेकवून उभं राहा, एक हात पुठ्ठ्यावर ठेवा आणि दुसऱ्यानं शेपूट बाजूला घ्या. थेट मागे उभं राहू नका. अंगाला टेकून असलात तर लाथेला जोर मिळत नाही.

मार्च ते ऑक्टोबर रोज, बाकीच्या महिन्यांत एक दिवसाआड. सवय झाली की एका घोड्याला दहा मिनिटं लागतात. वरातीहून, जत्रेहून किंवा गंगापूरच्या बाजूला चरून आल्यावर त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही.

*तपासा:* हाताला खपलीसारखं काही लागलं तर ती खपली समजून सोडू नका. खपली नखानं हलते, आणि कातडीत तोंड रुतवून बसलेली छोटी गोचीड हलत नाही.

पायरी ३ : गोचीड काढणं

चिमट्यानं गोचीड अगदी कातडीलगत, तिच्या तोंडापाशी धरा. पोटाला धरू नका. पोट दाबलं की आतला मालमसाला उलट घोड्याच्या रक्तात जातो. मग सरळ, एकसारखा, सावकाश ताण द्या. पिळू नका, हिसका देऊ नका. ती सुटते, थोडा वेळ लागतो. सुटली की स्पिरिटच्या बाटलीत टाका आणि चावलेल्या जागी आयोडीन लावा.

तोंडाचा काळा ठिपका कातडीत राहिला तर सुईनं उकरत बसू नका. दोन-चार दिवसांत तो आपसूक बाहेर पडतो. सूज वाढली, पू झाला, तरच डॉक्टरला दाखवा.

*सावधान:* रॉकेल, खाण्याचं तेल, चुना, तंबाखूचं पाणी, पेटती उदबत्ती यांपैकी काहीही गोचिडीवर लावू नका. गुदमरलेली किंवा भाजलेली गोचीड सुटण्याआधी लाळ ओकते. आपण जे टाळायला निघालो, तेच घाईघाईनं करून बसतो.

*सावधान:* दोन नखांत चिरडणं तर मुळीच नको. गुजरातेत २०११ साली माणसांत क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप आढळला, तो विषाणूही हायलोमा गोचिडीच पसरवतात. चिरडलेल्या गोचिडीचं रक्त बोटावरच्या चिरेतून शिरू शकतं. आमच्याकडची जुनी माणसं गोचीड नखावर फोडायची आणि त्याचा एक विशिष्ट आवाज यायचा, तो अजून कानात आहे. ती सवय मोडायला घरात बरीच भांडणं करावी लागली.

बाटली फेकून देऊ नका. वर तारीख लिहा. पुढं ताप आलाच, तर कुठल्या जातीची गोचीड होती हे डॉक्टर बघू शकतात.

पायरी ४ : पागा

सगळ्यात जास्त मेहनत इथं घ्यायची, आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथंच होते. घोड्यावर औषध मारणं डोळ्यांना दिसतं, मालकाला समाधान देतं. फटी बुजवण्यात कसलं समाधान? पण अंगावर दिसलेल्या दहा गोचिडींमागे भिंतीत किती बसल्यात, त्याचा हिशेब लागत नाही.

नाशिकच्या जुन्या वाड्यांतल्या पागा बघा. दगडी भिंती, दगडांमधला चुना झडलेला, लाकडी खांब उभे चिरलेले, खाली मातीची किंवा फुटक्या फरशीची जमीन. गोचिडीच्या दृष्टीनं हे बाळंतपणाचं घरच आहे. काम या क्रमानं करा, क्रम बदलू नका:

क) घोडे बाहेर काढा. कडबा, लसूण घास, तोबरे, खोगीर, झूल सगळं बाहेर. झुलीची शिवण आणि खोगिराची अस्तराची बाजू उन्हात उलटी टाका, चार-पाच तास.

ख) जुना पेंढा, लीद, कोपऱ्यातला केरकचरा खरवडून काढा आणि पागेपासून लांब नेऊन जाळा. लिदीच्या खड्ड्यात टाकलात तर गोचिडी रांगत परत येतात.

ग) टोकदार खुरपीनं प्रत्येक फट उकरा, जमिनीपासून निदान डोक्याच्या उंचीपर्यंत. गोचिडी फक्त खालीच असतात हा गैरसमज आहे, त्या भिंतीवर चांगल्या वर चढतात. गव्हाणीची खालची बाजू, दावणीच्या खुंट्यांची भोकं आणि दाराच्या चौकटीमागची जागा बहुतेक वेळा सुटते.

घ) आता औषध. पायरेथ्रॉइड गटातलं, सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन, जनावरांच्या गोठ्यासाठी विकलं जाणारं, डब्यावर गोठ्यासाठी लिहिलेल्या प्रमाणात. फटींत नोझल धरून मारा, भिंत नुसती भिजवू नका.

च) दुसऱ्या दिवशी, कोरडं झाल्यावर, फटी सिमेंटनं बुजवा आणि भिंतींना चुन्याचा हात द्या. आधी चुना आणि मग औषध, असं केलंत तर चुना औषधाचा जोर मारतो. ही अगदी नेहमीची चूक आहे.

छ) पागा चोवीस तास मोकळी आणि हवेशीर ठेवा, मगच घोडे आत घ्या.

हे सगळं १५ दिवसांनी पुन्हा करायचं, आणि आणखी १५ दिवसांनी तिसऱ्यांदा. कारण औषध अंड्यांना मारत नाही. पहिल्या फवारणीत वाचलेली अंडी नंतर फुटतात, ती पिल्लं पुढच्या फवारणीत सापडली पाहिजेत. एकदाच फवारून "औषधात दम नव्हता" म्हणणारे इथंच चुकतात.

*सावधान, खास आपल्या जिल्ह्यासाठी:* द्राक्षबागेचा पंप पागेत आणू नका. कितीही धुतला तरी टाकीत, पाइपात बागेच्या औषधाचा अंश राहतोच. बागेसाठी आणलेलं कीटकनाशक "हेही किडेच मारतं" म्हणून पागेत मारणं त्याहून वाईट. घोडा भिंत चाटतो, गव्हाण चाटतो. पागेसाठी वेगळा पंप घ्या आणि त्याच्यावर रंगानं खूण करा.

*सावधान:* पंप धुतलेलं पाणी गोदावरीत, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. या गटातली औषधं माशांना आणि मधमाश्यांना फार घातक आहेत. घरात मांजर असेल तर तिलाही पागा सुकेपर्यंत लांब ठेवा.

शेजारी गाई-म्हशींचा गोठा असेल तर तिथंही त्याच दिवशी फवारणी व्हायला हवी. आपण इकडे हाकललेल्या गोचिडी तिकडे आणि तिकडच्या इकडे, हा खेळ वर्षभर चालतो. शेजाऱ्याला पटवणं हे औषधापेक्षा अवघड काम आहे, पण अर्धा खर्च देऊ केला की पटतं असा माझा अनुभव आहे. गोठ्यात कोंबड्या सोडल्या की त्या गोचिडी वेचतात, हेही खरं. फवारल्यावर मात्र निदान दोन-तीन दिवस त्यांना आत सोडू नका.

पायरी ५ : घोड्याच्या अंगावर औषध

पागेची पहिली फेरी झाली, त्याच दिवशी घोड्यावर औषध लावायचं. आधी नाही, आठवड्यानं नाही.

आणि इथं ती चूक येते, जिच्यामुळे हा लेख लिहायला बसलो. गोठ्यात हमखास सापडणारं एक गोचीडनाशक म्हणजे अमिट्राझ. गाईला, कुत्र्याला ते चालतं. घोड्याला अमिट्राझ लावायचं नाही. फवारून नाही, धुऊन नाही, पातळ करूनही नाही. घोड्याच्या आतड्यांची हालचाल त्यानं मंदावते, कधी थांबतेच, मोठ्या आतड्यात चारा साचून घट्ट बसतो आणि जीवघेणी पोटदुखी सुरू होते. आमच्या एका घोडीवर शेजारच्या गोठ्यातून आणलेलं औषध मारलं गेलं होतं, बाटलीवरचं बारीक नाव कुणी वाचलं नव्हतं. दोन दिवस लीद नाही, पोट फुगलेलं, घोडी सारखी बगलेकडे मान वळवून बघत होती. वाचली ती नशिबानं. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: बाटलीवरचं औषधाचं मूळ नाव मोठ्यानं वाचल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. कंपनीनं दिलेलं नाव नाही, आतल्या औषधाचं नाव.

मग काय वापरायचं? घोड्यावर साधारणपणे पायरेथ्रॉइड गटातलं औषध वापरतात, पण गाईसाठी छापलेलं प्रमाण डोळे झाकून घोड्याला लावू नका. तुमच्या डॉक्टरकडून औषधाचं नाव, पाण्यातलं प्रमाण आणि किती दिवसांनी परत लावायचं, हे तिन्ही कागदावर लिहून घ्या.

लावण्याची रीत: सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. घोडा घामेजलेला नको, अंगावर जखम नको. हातमोजे घालून स्पंजनं लावा. फवाऱ्याच्या आवाजानं घोडा बुजतो, आणि डोळ्यांत, नाकात औषध जातं. कानात ओतू नका, कापसाचा बोळा किंचित ओला करून कानाच्या आतून फिरवा. सगळ्या अंगावर लावण्याच्या आदल्या दिवशी फक्त मानेच्या एका बाजूला तळहाताएवढ्या जागी लावून बघा. सूज, गांधी, खाज नसेल तर पुढं जा. गाभण घोडी आणि शिंगरू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय थेंबही नाही.

"आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देऊन टाकू का?" हा नेहमीचा प्रश्न. नाही. गाईचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन घोड्याच्या मांसात दिलं की त्या जागी भयंकर सूज आणि सडणं होऊ शकतं. घोड्याला ते तोंडावाटे, पेस्टच्या रूपात, जंतांसाठी देतात. आणि गोचिडींवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

*तपासा:* औषध लावल्यावर पुढचे दोन दिवस लीद नेहमीसारखी पडतेय का, घोडा नेहमीसारखा खातोय का, हे वहीत लिहा.

पायरी ६ : ताप ओळखणं

गोचीड चावल्यापासून लक्षणं दिसायला साधारण दोन आठवडे जातात. बबेसियात दहा दिवसांपासून महिनाभरापर्यंत. म्हणून अंगावर गोचिडींचा भार सापडला असेल, तर त्या तारखेपासून पुढचे ३० दिवस रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजा.

पहिल्यांदा काय दिसतं? हरभरा तोबऱ्यात तसाच राहतो. घोडा मान खाली घालून उभा. ताप १०४ किंवा त्याच्याही वर. हिरडी आधी फिकी पडते, मग पिवळट. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर कधी कधी आत बारीक लाल ठिपके दिसतात. पाय सुजतात. पोट दुखतं, लीद घट्ट होते आणि मग कधी पातळ. पुढं लघवी चहाच्या, कधी कोऱ्या कॉफीच्या रंगाची होते. लघवीला रंग येईपर्यंत थांबणाऱ्यांनी बराच वेळ घालवलेला असतो.

ताप नेहमी इतका उघडा नसतो. जुनाट रूपात घोडा फक्त "बसतो": पूर्वीसारखा पळत नाही, लवकर घामेजतो, खाऊनही बरगड्या दिसायला लागतात. लग्नसराईत एका रात्रीत दोन-दोन वराती, ट्रकमधून लांबचा प्रवास, डीजेपुढं नाचवणं, गाभणपण या ताणांत रक्तातला दबलेला थायलेरिया पुन्हा डोकं वर काढतो.

दोन गोष्टींशी गल्लत होते. एक म्हणजे सर्रा. त्यातही ताप येतो-जातो, रक्त कमी होतं, पाय सुजतात. पण सर्रा चावऱ्या मोठ्या माश्यांमुळे होतो, गोचिडींमुळे नाही, आणि त्याचं औषधही वेगळं. दुसरी गल्लत लग्नसराईत हमखास होते. घोडी दोन-तीन दिवस दावणीला उभी, खुराक मात्र पूर्ण, आणि मग एकदम वरातीला नेली. अर्ध्या रस्त्यात ती अडते, मागचे पुठ्ठे दगडासारखे कडक, घाम, आणि लघवी काळपट. हा स्नायूंचा आजार आहे. इथं घोडीला चालवायचं नसतं, जागच्या जागी उभं करून डॉक्टरला बोलवायचं असतं. लघवीचा रंग दोन्हीकडे गडद, पण पुठ्ठे कडक आहेत की नाहीत, हे हात फिरवून कळतं.

*तपासा, फोन करण्याआधी:* ताप, नाडी, हिरडीचा रंग, शेवटची लीद कधी, लघवीचा रंग, शेवटची गोचीड कुठल्या तारखेला सापडली. हे सहा मुद्दे फोनवर सांगितलेत तर डॉक्टर योग्य सामान घेऊनच निघतात. कुणी मिळत नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, तो पागेच्या दारावर खडूनं लिहून ठेवा.

पायरी ७ : सुईआधी रक्त

डॉक्टर येतात, घोडा तापानं फणफणलाय, मालक म्हणतो, "आधी ताप उतरवा साहेब." तापाचं इंजेक्शन दिलं जातं, अँटिबायोटिक दिलं जातं, परजीवीवरचंही दिलं जातं, आणि रक्त घ्यायचं राहून जातं. तीन दिवसांनी घोडा पुन्हा पडतो, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर काही सापडत नाही. मग सर्रा होता, गोचीड ताप होता की आणखी काही, याचा अंदाजच बांधत बसायचा.

म्हणून सांगा: "साहेब, आधी रक्त घेऊया." चांगला डॉक्टर यावर रागावत नाही.

दोन प्रकारांनी घ्यावं लागतं. एक, कानाच्या टोकाला टोचून पहिल्याच थेंबाचा काचपट्टीवर पातळ लेप. बारीक रक्तवाहिन्यांतल्या रक्तात परजीवी सापडण्याची शक्यता जास्त असते, आणि ताप चढलेला असताना सगळ्यात जास्त. लेप हवेत वाळवायचा, फुंकर मारायची नाही, माशी बसू द्यायची नाही. दोन, मानेच्या शिरेतून जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त, खुणेपर्यंत भरून, आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करून. हलवून फेस आणलात तर पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. नळी थंड ठेवा, पण बर्फाला चिकटवून नाही आणि फ्रीजरमध्ये तर नाहीच. त्याच दिवशी जिल्हा पशुवैद्यकीय रुग्णालयाच्या किंवा डॉक्टर सांगतील त्या प्रयोगशाळेत पोचवा. नळीवर घोड्याचं नाव, तारीख, वेळ. एका पागेत तीन घोडे असले की "ही लाल घोडीची असावी" हे हमखास होतं.

काचपट्टी स्वच्छ आली म्हणजे घोडा स्वच्छ, असं नाही. बबेसिया कॅबालीत तर आजारी घोड्याच्याही शंभरातल्या एकापेक्षा कमी पेशींत परजीवी असतो, आणि जुन्या वाहक घोड्यात थायलेरियाही काचेवर दिसत नाही. अशा वेळी एलायझा (रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी) किंवा पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी) चाचणी लागते. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानं थायलेरिया इक्वीसाठी एलायझा चाचणी विकसित केलेली आहे. तिथं नमुना कसा पाठवायचा, हे डॉक्टरमार्फत ठरवा.

पायरी ८ : उपचार चालू असताना

या तापावर मुख्यतः इमिडोकार्ब नावाचं औषध देतात, मांसात. ते शिरेत द्यायचं नसतं. दोन्ही परजीवींसाठी प्रमाण वेगळं, थायलेरियाला जास्त, आणि ते वजनावर ठरतं. म्हणून डोस इथं लिहिला नाही. घोड्याचं वजन आपण डोळ्यांनी ठरवतो, आणि पन्नास-साठ किलोंनी सहज चुकतो. दिल्यावर घोडा घामेजतो, लाळ गाळतो, पोट दुखून पाय आपटतो, कधी पातळ लीद करतो. हे टाळायला डॉक्टर आधी एक वेगळं औषध देतात. इंजेक्शन देऊन डॉक्टर लगेच निघून जाऊ नयेत, एवढा आग्रह धरा. निदान अर्धा-पाऊण तास थांबवून घ्या, चहा पाजा. गाढव आणि खेचर यांना हे औषध जास्त बाधतं. घोड्याचं उरलेलं गाढवाला टोचणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं.

पूर्ण "साफ" करण्याचा हट्टही धरू नका. आपल्यासारख्या गोचिडींच्या मुलखात घोडा बरा होणं आणि लक्षणं न दिसणं, एवढं बहुतेक वेळा पुरतं. रक्तात थोडा परजीवी राहिलेल्या घोड्याला त्याच्यापुरती ताकदही आलेली असते. पुरता साफ केलेला घोडा पुन्हा गोचीड चावली की नव्यानं आजारी पडू शकतो.

*सावधान:* एक सुई, एक घोडा. हा रोग गोचिडीशिवायही पसरतो, रक्त लागलेल्या सुईनं आणि हत्यारानं. एकाच सुईनं चार घोड्यांना धनुर्वाताची लस टोचणं अजून चालू आहे, ते बंद करा. दात घासायची कानस, खच्ची करायची हत्यारं यांनाही हाच नियम.

ताप उतरल्यावरही निदान तीन-चार आठवडे वरात नाही, टांगा नाही, खोगीर नाही. फुटलेल्या पेशींच्या जागी नव्या यायला वेळ लागतो. सुपारी घेतलेली असेल तर दुसरी घोडी शोधा. आणि आजारी घोड्यावरच्या गोचिडी सगळ्यात आधी काढा, कारण या दिवसांत त्याच्यावरून उतरलेली प्रत्येक गोचीड पुढच्या घोड्यासाठी भरलेली बंदूक असते.

पायरी ९ : नवा घोडा आणि जत्रेहून परतलेला घोडा

येवल्याच्या बाजारातून किंवा दत्तजयंतीच्या सारंगखेड्याहून घोडा आणला की हार घालून थेट पागेत बांधण्याची आपली पद्धत आहे. हार घाला, बांधा दुसरीकडे. निदान ३० दिवस वेगळ्या जागी, वेगळी गव्हाण, वेगळा खरारा, वेगळी झूल. पहिल्याच दिवशी पायरी दोन आणि तीन, मग अंगावर औषध, मग रोज ताप. रक्त तपासायला दिलंत तर ग्लँडर्सची (घोड्यांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग) तपासणीही त्याच वेळी करून घ्या.

सारंगखेड्यासारख्या बाजारात राजस्थानपासून पंजाबपर्यंतचे घोडे शेजारी-शेजारी बांधलेले असतात. येत्या सिंहस्थातही मिरवणुकांसाठी बाहेरून घोडे येतील आणि आठवडेच्या आठवडे तपोवनाच्या आसपास उतरतील. तुमचा घोडा तिथं भाड्यानं जाणार असेल, तर परत आल्यावर तोही नवा घोडाच समजा. मालक म्हणतात, "हा तर आपलाच आहे." घोडा आपलाच असतो, अंगावरच्या गोचिडी आपल्या नसतात.

विकणाऱ्याला एवढंच विचारा: याला कधी गोचीड ताप आला होता का, आणि तेव्हा कुठलं इंजेक्शन दिलं? "कधीच नाही, अगदी निरोगी" असं उत्तर आलं, तर घोड्याची शेपूट स्वतः उचलून बघा, आणि बाजारातून निघण्याआधी त्याचा ताप मोजा.